पळणाऱ्या टीमला रोखायचं कसं: जागलीवर बसून शिकलेलं प्लेऑफचं गणित

जानेवारी लागला की आमच्या वावरात दोन गोष्टी संगच येतात, हरभऱ्याले घाटे अन् अमेरिकन फुटबॉलचे प्लेऑफ, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीच्या मॅच. ओलिताची लाईन रात्रीची, वरून रानडुकरं, म्हणजे जागल काही चुकत नाही, मंग मचाणीवर ब्लँकेट घेऊन बसायचं, खाली शेकोटी, अन् मोबाईलवर रात्री दीडची मॅच लावायची, दुसरं करता तरी काय. सुरुवातीला संगचे पोट्टे हसायचे, म्हणे हा काय खेळ आहे बे, दर पाच सेकंदाला थांबते. आता तेच विचारतात, भाऊ, समोरची टीम नुसती पळतच असन तर तिले अडवायचं कसं? हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, कारण अशी एखादी टीम निघतेच जी बॉल फेकायच्या भानगडीत फार पडत नाही, हातात देते अन् पळवते, अन् भलेभले तिच्यापुढं आडवे होतात. म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीकडून ११-११ जण, बॉल ज्यांच्याकडे त्यांना चार चान्स, त्याला डाऊन म्हणतात, चारमध्ये दहा यार्ड पुढं गेले की परत नवे चार. एक यार्ड म्हणजे तीन फूट. पुढं जायचे रस्ते दोनच, हवेतून पास नाही तर जमिनीवरून रन. चौथ्या डाऊनला बहुतेक वेळा लाथ मारून बॉल दूर देऊन टाकतात, म्हणून खरी परीक्षा तिसऱ्याला. कबड्डीवाल्यांनी असं समजा, दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची तिसरी चढाई, करो या मरो.

आता पळणारी टीम खतरनाक काहून? लोकं म्हणतात त्यांचा पळणारा गडी दांडगा आहे म्हणून. ते तर आहेच, पण खरी गोष्ट घड्याळाची आहे. पास खाली पडला की घड्याळ थांबते, पण पळणाऱ्याला मैदानाच्या आत पाडलं तर घड्याळ चालूच राहते, अन् पुढचा बॉल उचलायला चाळीस सेकंद मिळतात. म्हणजे चार यार्ड, चाळीस सेकंद, परत चार यार्ड, परत चाळीस सेकंद, असं करत करत अख्खा पाव हिस्सा खेळ खाऊन टाकतात, अन् तुमचा भारी क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, बाजूला टोपी घालून उभा. १९९१ च्या जानेवारीतल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, जायंट्सनं बिल्सचं हेच केलं होतं. बिल्सकडे त्या वेळची सगळ्यात फास्ट ऑफेन्स, म्हणजे बॉल घेऊन खेळणारी बाजू, अन् जायंट्सचा क्वार्टरबॅक तर बदली गडी होता, पण त्यांनी ६० मिनिटांतली ४० मिनिटं ३३ सेकंद बॉल आपल्याजवळ ठेवला, दुसऱ्या हाफची पहिलीच चाल, म्हणजे बॉल मिळाल्यापासून हातचा जाईस्तोवरचा खेळ, साडेनऊ मिनिटांची, अन् मॅच २०-१९ नं काढली. नेहमीच्या मॅचमध्ये एका टीमला दहा-बारा वेळा बॉल मिळतो, अशा मॅचमध्ये तो सात-आठवरच येतो. म्हणून पहिलंच डोक्यात पक्कं करा, तुम्हाला त्या गड्याला थांबवायचं आहेच, पण त्याहून जास्त त्या टीमला पळणं परवडणार नाही अशी वेळ तिच्यावर आणायची आहे. अर्धे कोच इथंच चुकतात, सगळा जोर पहिल्या कामावर लावतात.

यासाठी माझी आवडती मॅच २० जानेवारी २०२० च्या रात्रीची, आपल्याकडे दीड वाजून गेले होते, टायटन्स विरुद्ध चीफ्स. टायटन्स म्हणजे ९-७ नं, नऊ जिंकून सात हरून, कशीबशी प्लेऑफमध्ये आलेली टीम, पण त्यांच्याकडे डेरिक हेन्री, सव्वासहा फूट उंच, ११० किलोच्या वर, त्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त १,५४० यार्ड पळालेला. पहिल्या प्लेऑफमध्ये त्यानं पॅट्रिअट्सच्या अंगावरून १८२ यार्ड काढले, दुसऱ्यात रेव्हन्सवर १९५, अन् गंमत म्हणजे त्यांच्या क्वार्टरबॅकनं दोन्ही मॅच मिळून पासनं पुरते पावणेदोनशे यार्डही केले नव्हते. म्हणजे सगळ्या जगाला माहीत होतं बॉल कोणाच्या हातात जाणार, तरी कोणाच्यानं अडवल्या गेला नाही. नोव्हेंबरमध्ये याच हेन्रीनं चीफ्सवरही १८८ यार्ड काढून मॅच ३५-३२ नं जिंकून दिली होती. अन् जानेवारीत तोच हेन्री, तेच चीफ्स, १९ वेळा पळून फक्त ६९ यार्ड. कसं झालं ते बघू.

आधी डिफेन्स, म्हणजे अडवणारी बाजू. आमच्या वावराले झटका मशीनची तार आहे, तरी मागच्या वर्षी डुकरं घुसली, काहून? तर पूर्वेकडं आवाज आला म्हणून पश्चिमेच्या धुऱ्यावरचा माणूस मदतीला तिकडं पळाला, अन् पश्चिमेला एका जागी तार लोंबली होती, डुकरं तिथूनच आत. रन डिफेन्स म्हणजे हेच. समोरच्या लाईनमध्ये, म्हणजे बॉलजवळ ओळीनं उभ्या दांडग्या गड्यांत, दर दोन माणसांच्या मध्ये एक फट असते, त्याला गॅप म्हणतात, अन् प्रत्येक गॅपला आपला एक माणूस ठरलेला पाहिजे. बॉल उजवीकडं गेला म्हणून डावीकडचा मदतीला पळाला की हेन्रीसारखा गडी एक पाय रोवून मागं वळते, अन् सुटलेल्या गॅपमधून सरळ बाहेर. आपली जागा सोडायची नाही, बॉल आपल्याकडं येईस्तोवर मन मारून उभं राहायचं, ऐकायला सोपं आहे पण शिकवायला सगळ्यात कठीण, कारण चांगल्या खेळाडूला मदत करायची खाज असतेच.

बाहेरच्या टोकावरच्या माणसाचं काम आणखी वेगळं. त्यानं पळणाऱ्याला पकडलंच पाहिजे असं नाही, त्याला फक्त आतच्या बाजूला वळवायचं, गर्दीत. कबड्डीत कोपरारक्षक रेडरला लॉबीकडं पळू न देता आत दाबतो तसं. बाहेरची बाजू उघडी राहिली तर मंग त्याच्या अन् गोलच्या मध्ये एकच सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा राखणदार, उरते, अन् ११० किलोच्या माणसापुढं एकटी सेफ्टी म्हणजे नुसतं नाव लिहायला.

आता बॉक्समध्ये किती माणसं. बॉक्स म्हणजे लाईनच्या जवळची ती जागा जिथं रन अडवायची गर्दी असते. साधारण सहा-सात असतात, पळणारी टीम समोर आली की सगळेच आठवा माणूस घालतात, एक सेफ्टी मागून उचलून पुढं. ठीक आहे, घाला, पण दरवेळेस नाही अन् दरवेळेस त्याच जागी नाही. आठवा माणूस कधी डावीकडून, कधी बॉल उचलायच्या शेवटच्या सेकंदाला, कधी दाखवून परत मागं. समोरच्या क्वार्टरबॅकनं बॉक्समधली माणसं मोजून प्ले, म्हणजे ठरवलेला डाव, बदलू नये एवढंच पाहायचं. अष्टपैलू टीमचा फायदा इथं दिसतो, ज्यांच्या सेफ्टीला लाईनबॅकरसारखं, म्हणजे लाईनच्या लगेच मागच्या दांडग्या गड्यासारखं, भिडता येते अन् लाईनबॅकरला पासच्या मागं पळता येते, त्यांना माणसं न बदलता चेहरा बदलता येतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण ६ जानेवारी २०१९ चं, चार्जर्स विरुद्ध रेव्हन्स. दोन आठवड्यांआधीच रेव्हन्सनं चार्जर्सला २२-१० हरवलं होतं, लमार जॅक्सन तेव्हा नवा पोट्टा, क्वार्टरबॅक असून स्वतःच पळायचा, त्यामुळं कोणाला धरायचं हेच समजत नव्हतं. कोणीही म्हणलं असतं पळणारी टीम आहे, वजनदार माणसं आणा. चार्जर्सनं उलटं केलं, लाईनबॅकर काढून जवळजवळ प्रत्येक प्लेला सात डिफेन्सिव्ह बॅक उतरवले, म्हणजे हलके पण चपळ, पास अडवणारे पोट्टे. अंगानं कमी, पण पळण्यात जॅक्सनच्या बरोबरीचे, त्यामुळं बाहेरच्या बाजूला तो निसटेच ना. सात वेळा सॅक केला त्याला, म्हणजे पास फेकायच्या आधीच पाडलं, चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे शेवटच्या पाव हिस्स्यात, २३-३ पुढं होते, शेवटी २३-१७ नं जिंकले. म्हणून पळणारी टीम म्हणजे एकच जात आहे असं समजू नका. अंगावर येणारी असेल तर वजन लागते, बाजूनं निसटणारी असेल तर चपळाई लागते. तुडतुड्यासाठीचं औषध बोंडअळीवर मारून पैसे गेले असे किती लोकं आहेत आपल्याकडं, मोजायला गेलं तर गाव पुरणार नाही.

टॅकलचं एकच सांगतो. असा मोठा गडी एकदा वेगात आला की खांद्याला धरून काही होत नाही, तो तुम्हालाच ओढत नेतो. त्याला पहिल्या दोन पावलांतच, लाईनच्या मागंच गाठायचं, अन् खालून, मांडीला-पायाला. पहिल्यानं पाय धरायचे, लोंबकळून राहायचं, तेवढ्यात दुसरा-तिसरा पोचलाच पाहिजे. आमच्या कबड्डीत मांडी पकड झाली की साखळीनं लगेच झाकायचं असते ना, तेच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कबड्डी दाखवली तेव्हा तिथल्या कोण्या अमेरिकनानं नीट पाहून घेतलं असतं तर यांचे कोच आज एवढे ओरडले नसते असं मला उगाच वाटते.

पहिला डाऊन सगळ्यात महत्त्वाचा धरा. पहिल्या डाऊनला त्यांना दोन यार्डांवर अडवलं तर दुसऱ्याला आठ उरतात, तिथं परत पळाले तरी तिसऱ्याला पाच-सहा राहतात अन् मंग नाइलाजानं पास फेकावा लागते, जो त्यांना मनापासून फेकायचा नसतो. पहिल्यालाच पाच दिले तर अख्खी चाल त्यांची. तिसरा डाऊन एक यार्डाचा असेल तर मात्र सरळ मधोमध गर्दी करा, लपवायला काही नाही, सगळ्यांना माहीत आहे काय येणार.

अन् फसवा रन विसरू नका. तीन क्वार्टर पळून पळून तुमच्या सेफ्टीला पुढं यायची सवय लावतात, मंग क्वार्टरबॅक हातात दिल्यासारखं करते अन् बॉल ठेवून घेते, मागं मैदान रिकामं. हेन्रीनं तर रेव्हन्सविरुद्ध कमालच केली, गोलजवळ सगळे त्याच्यावर तुटून पडले अन् यानं उडी मारून स्वतःच पास फेकला, टचडाऊन, म्हणजे बॉल गोलरेषेच्या पार. मी मचाणीवरून खालीच पडणार होतो. म्हणून सेफ्टीनं पळणाऱ्याकडं पाहू नये, समोरच्या लाईनच्या माणसांकडं पाहावं, ते पुढं ढकलत असतील तर रन, मागं सरकत असतील तर पास. पळणारा गडी खोटं बोलू शकते, लाईनच्या १४०-१५० किलोच्या माणसाला खोटं बोलणं जड जाते.

आता दुसरं, अन् माझ्या मते मोठं काम, तुमची स्वतःची ऑफेन्स.

त्या चीफ्सच्या मॅचमध्ये टायटन्सच पुढं होते, आधी १०-०, मंग १७-७. संगचा पोट्टा म्हणे संपली भाऊ, आता हे घड्याळ खातीन. हाफ संपायला थोडे सेकंद असताना पॅट्रिक महोम्सला पास द्यायला कोणी सापडलं नाही, तो डाव्या कडेनं स्वतःच निघाला, २७ यार्ड, शेवटी दोघांच्या मधून घुसला, टचडाऊन, २१-१७. तिथून मॅच फिरली. दुसऱ्या हाफमध्ये टायटन्स मागं होते, अन् मागं असलेल्या टीमला चाळीस चाळीस सेकंद जाळणं परवडत नाही, हेन्रीच्या हाती बॉल जेमतेमच आला, चौथ्या क्वार्टरमध्ये स्कोर ३५-१७ झाला, शेवटी ३५-२४. हेन्री ६९ वर अडकला त्यात चीफ्सच्या लाईनची मेहनत होतीच, पण अर्धं काम स्कोरबोर्डानं केलं.

त्याच्या आठवडाभर आधी टायटन्सनं रेव्हन्सला असंच केलं होतं, म्हणजे पळणाऱ्यानंच दुसऱ्या पळणाऱ्याला. रेव्हन्सनं त्या सीझनला ३,२९६ यार्ड पळून लीगचा रेकॉर्ड केला होता, १४-२ नं आले होते. टायटन्स १४-० पुढं गेले अन् रेव्हन्सच्या डोक्यातलं सगळं गणित बिघडलं, जॅक्सनला ५९ पास फेकावे लागले. एकोणसाठ! पळणाऱ्या टीमनं ५९ पास फेकले म्हणजे बैलाला ट्रॅक्टरची नांगरटी करायला लावल्यासारखं. मॅच २८-१२ नं गेली.

म्हणून नाणेफेक जिंकली तर बॉल आधी घ्या असं माझं मत. आजकाल सगळे बॉल दुसऱ्या हाफसाठी राखून ठेवतात, अन् इतर वेळेस ते बरोबरही असेल, पण पळणाऱ्या टीमसमोर पहिले सात पॉइंट म्हणजे सोनं. पहिल्या दहा-पंधरा प्ले आधीच लिहून ठेवलेल्या असाव्यात, हवेत खेळायला घाबरू नये.

पण इथं एक खड्डा आहे. घाईत तीन पास फेकले, तिन्ही खाली पडले, घड्याळ पाऊण मिनिटही सरकलं नाही, अन् तुमच्या डिफेन्सनं नुसतं पाणी पिलं न पिलं तर परत मैदानात. असं दोन-तीनदा झालं की चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचे पाय जातात, अन् पळणारी टीम त्याचीच वाट पाहून असते, पहिल्या हाफचे तीन यार्ड शेवटी शेवटी आठ होतात ते असेच. तर पास खेळा पण छोटे, खात्रीचे, अन् मधून मधून स्वतःही पळा. त्यासाठी असे अकरा जण मैदानात ठेवा ज्यांना दोन्ही येतात, टाईट एंड जो ढकलू पण शकते अन् झेलू पण शकते, रनिंग बॅक, म्हणजे पळणारा गडी, जो पास घ्यायला बाहेर जाऊ शकते. नियम असा आहे की ऑफेन्सनं माणसं बदलली तरच डिफेन्सला बदलायला वेळ द्यावा लागते. तुम्ही बदललीच नाही, पटकन लाईनवर येऊन उभे राहिले, तर त्यांचे जाडजूड मैदानातच अडकले, अन् त्यांना तुमच्या चपळ गड्याच्या मागं पळावं लागते. चीफ्सचा ट्रॅव्हिस केल्सी वर्षानुवर्षं हेच करत आला, नाव टाईट एंड, काम सगळंच.

चौथ्या डाऊनला हिंमत करा. बॉल सात-आठदाच मिळणार असेल तर एकेक चाल महाग आहे, समोरच्या अर्ध्या मैदानात एक-दोन यार्ड उरले असतील तर लाथ मारून बॉल परत देणं म्हणजे त्यांना आणखी सहा मिनिटं जाळायला देणं. पण कशी करायची याचा विचार पाहिजे. रेव्हन्सनं त्याच टायटन्सच्या मॅचमध्ये चौथा डाऊन चार वेळा खेळला अन् चारही वेळा फसला, त्यातले दोन नुसते एक-एक यार्डाचे, दोन्ही वेळेस जॅक्सन मधोमध घुसला जिथं सगळे उभेच होते. पहिल्यानंतर लगेच पुढच्याच प्लेला टायटन्सनं ४५ यार्डाचा पास टाकून टचडाऊन केला, दुसऱ्यानंतर हेन्री ६६ यार्ड पळाला. हिंमत बरोबर, प्ले चुकीचा.

अन् आता उलटा धडा, कारण नाहीतर कोणी म्हणन भाऊ नुसते एकाच बाजूचे दाखले देऊन रायला. फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल, आपल्याकडं पहाटे पाचला. ईगल्सचा सॅक्वॉन बार्कली त्या सीझनला २,००५ यार्ड पळालेला, प्लेऑफमध्ये बर्फात रॅम्सच्या अंगावरून २०५. चीफ्सनं ठरवलं बार्कलीला सोडायचं नाही, अन् सोडलंही नाही, २५ वेळा पळून फक्त ५७ यार्ड. कागदावर काम फत्ते. अन् हाफला स्कोर काय? २४-० ईगल्स. बार्कलीवर डोळे लावले तर जेलन हर्ट्सनं पास फेकले अन् स्वतः पळाला, अन् त्यांच्या डिफेन्सनं महोम्सला सहा वेळा खाली पाडलं. ४०-२२ नं गेली मॅच. म्हणजे पळणाऱ्या टीमला खरंच पासही येत असेल तर एकट्या पळणाऱ्याला थांबवून पोट भरत नाही, तिथं तुमची ऑफेन्स चालायलाच पाहिजे, पळापळीचं गणित मंग दुय्यम.

अन् नुसतंच हातावर हात ठेवून बसलं तर काय होते तेही पाहिलंय. ज्या रात्री चीफ्सनं हेन्रीला अडवलं त्याच पहाटे दुसरी मॅच होती, फॉर्टीनाइनर्स विरुद्ध पॅकर्स. फॉर्टीनाइनर्सच्या क्वार्टरबॅकनं अख्ख्या मॅचमध्ये आठ पास फेकले, फक्त आठ, अन् रहीम मोस्टर्ट २२० यार्ड पळून चार टचडाऊन. पॅकर्स हाफला २७-० मागं होते, बाहेरची बाजू दरवेळेस उघडी, ऑफेन्स बंद. उजाडलं तेव्हा शेकोटी विझली होती अन् मॅच कधीचीच.

राहता राहिलं आपल्या पोट्ट्यांचं. फ्लॅग फुटबॉल, म्हणजे पाडायच्या ऐवजी कमरेची पट्टी ओढायचा प्रकार, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आहे, त्याला मंजुरी ऑक्टोबर २०२३ ला आपल्या मुंबईतच मिळाली, तेव्हापासून सोयाबीन निघालेल्या वावरात संध्याकाळी पाच-पाच जण कमरेला जुन्या दुपट्ट्याच्या पट्ट्या खोचून खेळतात. तिथं नियम वेगळे आहेत, क्वार्टरबॅकला सरळ बॉल घेऊन पळता येत नाही, अन् मध्यरेषेच्या अन् गोलच्या आधीच्या पाच यार्डांत तर रन बंदच, पासच टाकावा लागते. म्हणजे पळणारी टीम असेल तर तिला बरोबर त्या पाच यार्डांत आणून थांबवायचं, तिथं तिची बोलती बंद. आमच्या पोट्ट्यांना हे पाठ आहे, पण पळणारा आला की दोघंही एकदम आतून झडप घालतात, बाहेर कोणीच नाही, अन् तो धुऱ्याच्या कडेनं निघून जातो. मी रोज ओरडतो, एकानं बाहेर राहा बे, पट्टी ओढायची घाई नको करू, त्याच्या कमरेकडं पाहा. काल एकानं ऐकलं, बाहेर थांबला, पळणाऱ्याला बरोबर आत वळवलं, अन् आत कोणीच नव्हतं कारण बाकीचे चौघं त्याचंच पाहत उभे होते.